याला काही लागत नाही

दार उघडलं आणि आधी ऐकू आलं ते टप्. मग बराच वेळ काही नाही, आणि पुन्हा टप्. नळ चालू राहिला असेल म्हणून मी चपला न काढताच स्वयंपाकघरात गेले. नळ घट्ट बंद होता. बाथरूमचाही बंद होता. वरच्या मजल्यावरून गळतंय की काय म्हणून छताकडे बघत बाहेर आले तेव्हा दिसलं. बैठकीच्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड तंगड्या फाकून उभा होता. त्याच्या दांडीला साडीच्या फाडलेल्या काठाने दह्याचं मातीचं मडकं बांधलेलं होतं, बुडाला भोक पाडून त्यात दूर्वांची काडी खोचलेली होती, आणि काडीच्या टोकावरून थेंब सुटत होता तो थेट माझ्या झीझी नावाच्या शोभेच्या झाडावर. पानावरून घरंगळून तो मातीत जात होता. मा पंख्याखालच्या खुर्चीत बसली होती, हात मांडीवर, नवी पांढरी साडी नेसून. त्या दिवशी पोयला बैशाख होता, आमचं नवं वर्ष. आमच्या ऑफिसला त्याची सुट्टी नसते. "आजपासून महिनाभर," मा म्हणाली, "मध्येच काढायचं नसतं, ठाऊक आहे ना तुला." मी म्हटलं, ठाऊक आहे, आणि चपला काढायला दाराशी गेले.

ठाऊक होतंच. वैशाखभर तुळशीवर धारा धरायची, महिनाअखेरच्या संक्रांतीला उतरवायची. बागबाजारला आम्ही दोन खोल्यांत भाड्याने राहायचो तेव्हा गच्चीवरच्या तुळशीवर मा बांबूच्या तीन काटक्या रोवून असंच मडकं टांगायची आणि रोज अंघोळ झाली की ओल्या केसांनी जिना चढून ते भरून यायची. उन्हाने तुळस होरपळू नये एवढाच त्यातला हेतू. पण ती तुळस होती, आणि गच्चीवर ऊन होतं. इथे अकराव्या मजल्यावर, उत्तरेच्या खिडकीपाशी, पडदा अर्धा ओढलेला, आणि खाली जे झाड होतं ते पाण्यावाचून राहायलाच जन्माला आलेलं. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही, आणि का नाही तेही मला त्याच क्षणी स्पष्ट कळलं होतं. ज्येष्ठाच्या पहिल्या तारखेपासून मध्यमग्रामच्या एका वृद्धनिवासात मासाठी खोली धरलेली होती. ते तिला सांगायचं होतं, आणि ते मलाच सांगायचं होतं. माझ्यापाशी एकच कठोर शब्द होता म्हणा ना. तो कपड्यांच्या स्टँडवर आणि दह्याच्या मडक्यावर खर्च करायची माझी तयारी नव्हती.

हे झाड मी फ्लॅट घेतला त्या वर्षी गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारातून आणलं. न्यू टाउनात तेव्हा माणसांपेक्षा क्रेनच जास्त होत्या. माझी कामाची वेळ ठरलेली नसायची, परदेशातले लोक जागे असतील तेव्हा आम्ही जागं असायचं. मी झाडवाल्याला म्हटलं होतं, मला असं काहीतरी दे ज्याच्यासाठी घरी यावं लागणार नाही. तो हसला नाही. त्याने मागच्या रांगेतून हे उचललं, धूळ पुसली आणि म्हणाला, "दिदी, याला काही लागत नाही. विसरून गेलात तरी चालतं. विसरलात तर उलट बरं." मला तो माणूस आवडला. मग त्याच्याकडूनच न्हाणीघराच्या बोळात ठेवायला स्नेक प्लांट आणले, फ्रिजवर ठेवायला आणखी एक कसलंतरी मांसल पानांचं. माझी झाडं बघून पाहुणे हमखास विचारायचे, प्लॅस्टिकची आहेत का. मी त्यांना एखादं पान दाबून बघायला सांगायची. महिन्यातून एकदा, आठवलं तर, मी एक एक भांडं पाणी घालायची, आणि खत म्हणाल तर पुडी आणलेली होती ती कपाटात तशीच दगड होऊन बसली. एवढ्यावर ती वाढायची. झीझीचा नवा कोंब मातीतून यायचा तो आधी बंद मुठीसारखा असायचा आणि मी कधी कधी सकाळचा चहा घेताना त्याच्याकडे बघत उभी राहायची. प्रेम होतं असं म्हणणार नाही. ती मला आवडायची, कारण त्यांचं माझ्यावाचून काही अडलेलं नव्हतं.

माझं कामही त्याच जातीचं आहे. दूरदेशीचे लोक त्यांच्या वस्तूंविषयी तक्रारी लिहितात, त्या माझ्यापुढे येतात, आणि ही तक्रार कोणत्या खात्याकडे जावी एवढंच मी ठरवते. उत्तर द्यायचं नाही. कोणी लिहितो की तीन आठवडे झाले, माझी आई या खुर्चीची वाट बघतेय. मी ती पोचवण्याच्या खात्याकडे सरकवते. प्रदीप्तने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा तोही काही ओरडला-आरडला नाही. तो म्हणाला, "काबेरी, तुझ्याशी भांडायलाही काही सापडत नाही." त्यात तक्रार होती का कौतुक होतं हे मी बरेच दिवस ठरवत होते. आता तो दुर्गापूरला असतो, त्याला जुळ्या मुली आहेत, आणि विजयादशमीला त्याचा नमस्काराचा मेसेज येतो. मीही पाठवते.

मा माझ्याकडे आली ती बागबाजारचं घर सोडावं लागलं म्हणून. आणायला मीच गेले होते. बाबांची ट्राम कंपनीतली पितळी बिल्ल्याची टोपी, देव, दोन ट्रंका आणि वर्तमानपत्रात गुंडाळून सुतळीने बांधलेली विळी एवढं तिने घेतलं. तुळस कुंडीसकट आणली होती. ती आमच्या उत्तरेच्या खिडकीत दुर्गापूजेपर्यंत कशीबशी टिकली. पहिल्या आठवड्यात मा पहाटे उठून काहीतरी चिरत बसलेली असायची, जमिनीवर, विळीचं पातं वर करून, आणि ऑफिसच्या गडबडीत मी तिच्यावरून उडी मारून जायची. मग एकदा गॅस चालू राहिला. तसं काही झालं नाही, घरकामाला येणारी शेफाली आली आणि तिने वासावरून ओळखलं. पण मी त्याच रविवारी गॅस काढून टाकला आणि विजेची शेगडी आणली. तिची बटणं काचेच्या आत असतात, बोट लावलं की चालतात. माच्या बोटाला ती कधी ओळखेनात. मी म्हटलं, मा, तुला काही करायचं नाही आता, बस. शेफाली दोन पोळ्या आणि एक भाजी करून फ्रिजमध्ये ठेवते, तीच आपण खायची. मी स्वतः सकाळी ओट्स खाते आणि दुपारी ऑफिसात काहीतरी. मा खुर्चीत बसली. त्यानंतर मी कधीही घरी आले तरी ती खुर्चीत असायची, हात मांडीवर, आणि एखादं लहान मूल दाखवावं तसं झाडाकडे बोट करून विचारायची, "हे काय खातं गं?" मी म्हणायची, काही नाही. "काहीच नाही? रोज?" रोज काही नाही, मा.

दादाचा फोन रविवारी सकाळी येतो, बंगळूरहून. त्याला मी धारेचं सांगितलं. का सांगितलं? सहज, बोलायला विषय म्हणून. तो म्हणाला, "बघ. मी म्हणत नव्हतो? तिला तुळस कोणती आणि शोभेचं झाड कोणतं हेही कळेनासं झालंय. टुकु, तू आता उगाच मन कच्चं करू नकोस." मन कच्चं करणं हे दादाचं आवडतं वाक्य आहे, आणि ते त्याने आजवर माझ्याच मनाबद्दल वापरलंय. मी म्हटलं, माझं मन ठीक आहे. तो म्हणाला की तिथे सगळं वेळेवर असतं, चार वेळा खायला, डॉक्टर, कीर्तन, आणि बौदीच्या, म्हणजे वहिनीच्या, गुडघ्यांचं मी जाणतेच. मी जाणत होते. निवास मी स्वतः बघून आले होते, चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. खिडकीतून एक फणसाचं झाड दिसायचं. स्वयंपाकघराच्या दारावर पाटी होती की रहिवाशांनी आत येऊ नये. दादाने विचारलं, तिला कधी सांगतेस? मी म्हटलं, सांगते. फोन ठेवल्यावर बैठकीतून आवाज आला, टप्, आणि माने हाक मारून विचारलं, दादा जेवला का.

जेवला का. या एका प्रश्नापासून पळ काढत मी आणि दादा दोघंही मोठे झालो असं मला वाटतं. लहानपणी मला टायफॉइड झाला होता. त्यानंतर माने मला खाऊ घालायला घेतलं ते मी कॉलेजात जाईपर्यंत. ताटाच्या कडेने भाताचे गोळे मांडून ठेवायची. हे कावळ्याचं अंडं, हे बगळ्याचं, हे मैनेचं, आणि हे एवढंसं शेवटचं चिमणीचं, ते नाही खाल्लंस तर चिमणी रडेल. मी चिमणीच्या अंड्यापर्यंत पोचायची तेव्हा माझ्या गळ्याशी आलेलं असायचं. मग मागून आणखी एक अंडं यायचं, त्या पक्ष्याचं नाव ती ऐन वेळी शोधून काढायची. मी गच्चीवर जाऊन उलटी करायची, तुळशीच्या मागे. एकदा वैशाखात मी तिथे ओणवी झालेली असताना मडक्यातला थेंब माझ्या मानेवर पडला. गार. पुन्हा पडला. आपल्याला कधीच भूक लागू नये असं मला तेव्हा मनापासून वाटलं. आणि पुढे हॉस्टेलात गेल्यावर ते खरंच जमलं. पहिल्यांदा एक वेळचं जेवण चुकवलं, कुणी विचारलं नाही, तेव्हा मला जो हलकेपणा वाटला तो अजून आठवतो. सुट्टीत घरी आले की मा माझं मनगट आपल्या बोटांच्या वेढ्यात धरून बघायची आणि बाजारात जायची. केळफूल घेऊन यायची. ते एकेक फूल सोलायचं, आतली कडक काडी काढून टाकायची, हाताला तेल लावून विळीवर बारीक चिरायचं, रात्रभर हळदीच्या पाण्यात ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी नारळ घालून शिजवायचं. तिचे हात आठवडाभर काळे राहायचे. मी दोन घास खाऊन म्हणायची, पोट भरलं.

वैशाख तापला. दुपारी खिडकीची काच हात लावू देत नव्हती, संध्याकाळी कधी वादळ व्हायचं आणि न्यू टाउनच्या अर्धवट इमारतींची धूळ सगळ्या घरभर पसरायची. ऑफिसात थंड हवेत बसून मी दूरच्या लोकांच्या तक्रारी सरकवत असायची आणि मध्येच, कुठल्यातरी वाक्याच्या अधेमधे, कानात टप् व्हायचं. आजूबाजूला बघायची. कुणाचंच लक्ष नसायचं. मग पुढचा थेंब कधी पडेल याची मी वाट बघायची आणि तो पडायचा नाही, कारण तो तिथे, घरी पडत होता. झाड बिघडू लागलं होतं. आधी खालची पानं पिवळी झाली. माने ती खुडून डब्यात ठेवली. मग एक अख्खी दांडी रंग सोडून फिकट झाली आणि एक दिवस कलंडली. मुळाशी ती मऊ झाली होती, दोन बोटांनी दाबली तर पाणी यायचं. हे काय चाललंय ते मला अगदी व्यवस्थित कळत होतं. शेफालीलाही कळत होतं. ती फरशी पुसताना म्हणाली की मासीमा, याला एवढं पाणी सोसत नाही, आमच्या भावाच्या दुकानात असलं झाड आहे, त्याला तर कुणी विचारत पण नाही. मा म्हणाली, "म्हणूनच. कुणी विचारलं नाही म्हणून त्याची ही दशा. ऊन बाधलंय त्याला." आणि तिने शेफालीकरवी मोहरीची पेंड मागवली.

पेंड भिजवून, आंबवून, तिचं पाणी झाडाला घालायचं, हे आमच्याकडे सगळेच करतात, पण उघड्यावर करतात. बंद बैठकीत तो वास काय होतो ते अनुभवावं लागतं. ऑफिसातून आले की दारातच तो माझ्या अंगावर यायचा, कुजका आणि तिखट. खिडकी उघडली तर धूळ. मी काही म्हटलं नाही. उलट एक दिवस मडकं रिकामं दिसलं, मा डुलकी काढत होती, तर मीच स्वयंपाकघरातून तांब्या आणून ते भरलं. का ते विचारू नका. थेंब थांबले होते आणि घर इतकं गप्प झालं होतं की मला ते सहन होईना. भरून झाल्यावर मी तिथेच स्टँडला धरून उभी राहिले आणि पहिला थेंब काडीच्या टोकाशी गोळा होताना पाहिला. माझं झाड मी माझ्या हाताने मारत होते, आणि मला वाईट कसलं वाटत होतं तर ज्येष्ठ जवळ आल्याचं. हे मला आवडलं नाही. वाईट वाटणं हे माझ्या घरात कुठे ठेवायचं याची सोय मी कधी केलेली नव्हती.

संक्रांत रविवारी आली. सकाळी मी खाली जाऊन वर्तमानपत्र आणि दूध घेऊन आले. गेटापाशी भाजीवाली बसते, तिच्या टोपलीत लालबुंद केळफुलं होती, ती मी बघितली आणि पुढे गेले. वर आले तर मा स्टँडपाशी उभी होती, अंघोळ करून, केस ओले. तिने नमस्कार केला, साडीच्या काठाची गाठ सोडली आणि मडकं उतरवलं. उतरवताना तिच्या कोपराचा धक्का झाडाला लागला. एवढासा धक्का, पण उरलेल्या सगळ्या दांड्या एकदम बाहेरच्या बाजूला पडल्या, छत्री उलटी व्हावी तशा, आणि मुळाशी नुसता काळा चिखल दिसला. वास आला. मा मडकं हातात धरून बघत राहिली. मी दुधाची पिशवी ठेवली, जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं आणि कुंडी त्यावर उपडी केली.

चिखलातून बटाट्यासारखे कंद निघाले. इतकी वर्षं झाड माझ्याकडे होतं, पण खाली हे असं काही आहे हे मी पाहिलेलं नव्हतं. ते पाण्यावाचून राहायचं ते याच्या जोरावर, सगळं असं खाली साठवून ठेवलेलं होतं. बहुतेक कंद हातात घेताच फुटत होते. मा पदर खोचून माझ्यासमोर खाली बसली, किती तरी दिवसांनी जमिनीवर बसली, आणि एकेक कंद दाबून बघू लागली. "हे तर अळकुडीच्या जातीचं आहे," ती म्हणाली. "आधी सांगायचंस. अळकुडीला कुणी असं पाणी देतं का?" तिने दोन कंद बाजूला काढले, ते कडक होते. त्यांची सडकी बाजू नखाने खरवडली, देवापाशी जाऊन उदबत्तीची राख आणली आणि त्या जखमेवर चोळली. मग ते दोन्ही खिडकीच्या कट्ट्यावर कागदावर ठेवले, एकमेकांना लागणार नाहीत असे. "सुकू दे. आता याला काही द्यायचं नाही. कोंब दिसेपर्यंत उपाशी ठेवायचं." हात पुसता पुसता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझ्याच हातून गेलं."

मी म्हटलं, "मा, ती तुळस नव्हती."

"मला ठाऊक नाही होय?" ती म्हणाली. "तुळस आणि हे यातला फरक न कळायला मी काही एवढी ही झालेली नाही. तुम्ही दोघं फोनवर काय बोलता ते ऐकू येतं मला. कान शाबूत आहेत." तिने उपडी कुंडी सरळ करून ठेवली. "तुळस माझ्या डोळ्यांदेखत गेली. मग या घरात माझ्या हातचं घेईल असं दुसरं कोण होतं, सांग की. तू तर काही घेत नाहीस. ते बिचारं नाही म्हणत नव्हतं, म्हणून त्याला दिलं. नाही म्हणायला हवं होतं त्याने."

कुंडीतला चिखल वर्तमानपत्रातून फरशीवर उतरत होता. मी कागद चारी बाजूंनी गोळा केला. आता सांगायला हवं होतं, इतके दिवस राखून ठेवलेला तो शब्द वापरायची वेळ हीच होती, आणि मी तो वापरला. मी म्हटलं, मध्यमग्रामला एक निवास आहे. चांगलं आहे, मी बघून आलेय. उद्यापासून खोली आहे तिथे. तुला सांगायचं राहिलं. राहिलं, असं मी म्हटलं, जणू काही दुधाचा हिशेब सांगायचा राहिला होता. माझा आवाज ऑफिसातल्यासारखा आला.

"दादाने सांगितलं केव्हाच," मा म्हणाली. "वैशाख लागायच्या आधी. तुला सांगू नको म्हणाला, तू स्वतः सांगशील म्हणून. मी बॅग भरून ठेवलीये. दोन दिवस झाले." ती भिंतीला हात लावून उठली. तिला आधार द्यायला मी पुढे झाले, तोवर ती उठलेली होती. "म्हणून धारा धरली. म्हटलं, महिना आहे हातात, एखाद्याला तरी पोटभर घालून जाऊ."

मी केराचा कागद घेऊन स्वयंपाकघरात गेले. डब्यात टाकला, हात धुतले. नळ बंद केला, घट्ट, आणि उभी राहिले. बैठकीतून काही आवाज येत नव्हता. महिनाभर जो आवाज मला छळत होता तो आता नव्हता, आणि मी ऐकत होते. उद्या संध्याकाळी मी ऑफिसातून येईन, दार उघडेन, नळ बंद असतील. फ्रिजवर ते मांसल पानांचं झाड असेल, बोळात स्नेक प्लांट असतील. कुणाला काही लागणार नाही. हे सगळं मी स्वतः जमवलं होतं, एकेक करून, मोठ्या समाधानाने. पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. आधी मला वाटलं, वासाने मळमळतंय. मग लक्षात आलं की मळमळ नाही. इतक्या वर्षांत ओळख विसरले होते, म्हणून नाव आठवायला वेळ लागला.

बाहेर येऊन मी म्हटलं, "मा, भूक लागलीये."

तिने माझ्याकडे पाहिलं. आनंद वगैरे काही दिसला नाही, तिला खरं वाटलं नव्हतं. "शेफालीच्या पोळ्या आहेत फ्रिजमध्ये," ती म्हणाली.

"त्या नकोत."

"मग काय?"

मी खिडकीकडे बघितलं, कट्ट्यावर राख फासलेले दोन कंद होते. मी म्हटलं, "केळफूल. खाली आलंय चांगलं."

माने सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं सांगितलं, "केळफूल आज चिरलं तर उद्या शिजतं, टुकु."

"ठाऊक आहे."

"उद्या दुपारी."

"ठाऊक आहे, मा. थोडंच कर. मला पुरे झालं म्हटलं की थांब."

ती अजून माझ्याकडे बघत होती. मग तिने माझं मनगट आपल्या बोटांच्या वेढ्यात धरून बघितलं, सोडलं, आणि आपल्या खोलीच्या दाराकडे मान वळवली. "मग ती बॅग उघड," ती म्हणाली. "विळी तळाशी आहे."